उजव्या हाताची सही

नेर, जि. यवतमाळ
२ फेब्रुवारी १९५८

यायले सत्यभामेचा जयभीम.

हे पत्र मी लिवून राह्यली. मी म्हंजे मीच, मायाच हातानं. वामनराव गुरुजी बाजूले बसून हायेत, पन त्यायनं पेन्सिलीले हात बी लावला नाही. चार दिवस झाले लिवतच हाये. जिनात कापूस साफ करून आली का भाकरी थापाच्या अन् मंग विहारात वर्गाले जाचं. अकरा बाया हाओ आमी. तुमची माय म्हनते, "लेकराची माय व्हाच्या वयात शाळेत चालली, आता काय तहसीलदारीन होते का?" मी म्हनलं, होईन बाप्पा, कोनाच्या बापाचं काय जाते!

तुमाले आठवते का, नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तवा साऱ्या मोहल्ल्यानं शपथ घेतली होती, का आता आपल्यातलं कोनी कागदावर अंगठा लावनार नाही. पयले तुमीच उभे राह्यले होते. तुमी तं चौथी पास, तुमाले सोपं होतं. मले मातर मेल्यावानी होये. मनीऑर्डर आली का पोष्टमन शाईची डबी पुढं करे अन् मी मान खाली घालून अंगठा दे. आता नाही देत. मागच्या खेपेले सही केली तं तो चष्मा पुसून पाहे.

कशी शिकली ते सांगते. तुमच्या जुन्या पत्रांच्या खाली तुमची सही हाय नं, तिच्यावर पतंगाचा कागद ठेवून गिरवली. दोनशेदा तरी गिरवली असन. शेवटच्या अक्षराची ती लांब शेपटी तुमी जशी झटका देऊन काढता, ती तं पंधरा दिवस आलीच नाही. आता अशी येते का गुरुजी म्हनले, "हे भीमराजनं केली का तुवा?" मायं नाव मंग शिकली, पयले तुमचंच आलं. तोंडानं तुमचं नाव जनमात एकदा घेतलं, लग्नातल्या उखान्यात. आता रोज हातानं घेते.

आता खरं इचारते. तीन महिने झाले, तुमच्या हातचं पत्र नाही. डिसेंबरात एक आलं ते दुसऱ्याच्या अक्षरात. जहाज कुठी हाय? जीव बरा हाय ना?

सत्यभामा


मुंबई
२० फेब्रुवारी १९५८

सत्यभामेस जयभीम.

तुयं पत्र आलं अन् मी साऱ्या खोलीत नाचवलं. आमी सात जन राह्यतो अठी, साऱ्याइनं पाह्यलं. मी बोलून राह्यलो अन् हा रामलाल लिवून राह्यला. रामलाल आपल्या वणीचा, जहाजावर मायासंगच आगवाला हाय. नेरच्या जिनात मी बॉयलरमधी लाकडं कोंबत होतो, अठी दोघं मिळून कोयसा कोंबतो, तेवढाच फरक. फक्त अठचा बॉयलर पान्यावर हालते.

मायं अक्षर नाही म्हनून तू काळजी करून राह्यली. उजव्या अंगठ्याले फोड झाला हाय, बाकी काई नाही. जहाज दुरुस्तीले गोदीत लागलं, म्हनून पैशाले उशीर झाला. मायले सांग, पोरगा जाडा झाला.

तू मायी सही शिकली! आता मले घरच्या कारभारात कोनी इचारनार नाही असं दिसते. येवढं जहाजाचं काम आटपू दे, मंग येतो. नेरले पिठाची चक्की टाकू. इंजिनाचं काम मले समजते. तू गल्ल्यावर बसून सह्या करजो.

तुया,
भीमराज (रामलालच्या हातानं)


नेर
९ मार्च १९५८

यायले जयभीम.

आपला उकंडा, चांभारगल्लीच्या कोपऱ्यावरचा, मुंबईत गिरनीत लागला नं, तो सुट्टीवर आलता. त्यानं तुमाले गोदीच्या फाटकापाशी पाह्यलं म्हने. तुमी त्याले पाहून तोंड फिरवलं. म्हने सदऱ्याची उजवी बाही दुमडून तिले पिन लावली होती.

मी त्याले म्हनलं, तुये डोये फुटले. तुमची माय तं त्याच्यावर खेटर घेऊन धावली. पन मी घरात आली अन् तुमचं पत्र पुन्हा वाचलं. फोडानं बाही रिकामी होते का वो?

मले आता वाचता येते. ह्यासाठी शिकली का मी, का तुमी खोटं लिवाचं अन् मी ते अक्षर अक्षर जोडून वाचाचं? पयले दुसरा वाचून दाखवे तं वाटे, त्यानं काई गाळलं असन. आता गाळलं कोनं?

काय ते लिवा. वाकडंतिकडं लिवा, पन तुमच्या हातचं लिवा.

सत्यभामा


मुंबई
१४ एप्रिल १९५८

सत्यभामेस जयभीम.

हे डाव्या हाताचं हाय. एक पान लिवाले तीन दिवस लागले. वाचता नाही आलं तं गुरुजीले इचारजो, पन मायले दाखवजो नोको.

उजवा हात मनगटापासून गेला. १९ नोव्हेंबरले. जहाज एडनच्या अलीकडं होतं. भट्टीतली राख बालट्यात भरून साखळीनं वर वढतात, समुद्रात टाकाले. साखळी चाकावरून उतरली. मोठ्या साहेबानं वरून वरडून सांगितलं, हातानं बसव, यंत्र थांबवाले वेळ नाही. मी बसवली. रामलाल बाजूलेच होता, त्यानं मले वढलं म्हनून बाकीचा वाचलो. एडनच्या दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा हात नव्हता.

तुले काहून नाही सांगितलं? लाज वाटली. ज्या हातानं मायले घर बांधून दिन म्हनलं तो हातच नाही. कोनत्या तोंडानं सांगू?

पन आता ऐक. कायदा हाय. कामावर हात गेला तं कंपनीले भरपाई द्या लागते, खलाशाले बी. वरसाच्या आत दावा लावा लागते, तो लावला. आमच्या युनियनचे किसनराव म्हनून हायेत, भला मानूस. त्यायनं वकील दिला. चक्कीपुरते पैसे भेटतात म्हने. ते हातात आल्याबिगर मी नेरले पाय ठेवत नाही. हात हलवत घरी आलो असं कोनी म्हनू नये.

सारा घोळ सहीचा हाय. कंपनीपाशी एक कागद हाय त्याच्यावर मायी जुनी सही हाय, अन् आता माया डाव्या हातानं तशी सही होत नाही. सारा दावा त्याच्यावरच येऊन ठेपला. जास्त लिवत नाही, वकिलानं कागदावर काईच लिवू नोको म्हनून ताकीद देली हाय.

संगं एक छापील कागद जोडला. घरात कोन कोन हाय, मी नेरचाच भीमराज हाय, ह्याचा दाखला. शाळेच्या मोठ्या गुरुजीची सही अन् शिक्का घे अन् रजिस्टरनं सरळ किसनरावच्या युनियनच्या पत्त्यावर धाड. सुनावनी ऑगस्टात हाय.

रडजो नोको. तू रडली तं मले अठी समजते.

भीमराज


नेर
१३ जुलै १९५८

यायले जयभीम.

तुमी म्हनलं रडू नोको, तं मी रडली नाही असं लिवते. तुमाले बी खोटं वाचाची सवय होऊ द्या.

तुमच्या मायले सांगितलं. लपवता आलं नाही. ती दोन दिवस जेवली नाही. मंग तिसऱ्या दिवशी उठून म्हने, "माया बापाले तं एकच डोया होता, त्यानं काय दहा लेकरं पोसले नाहीत?" अन् भाकर मांगली. तुमाले लाज कायची वो? हात तुमी जुव्यात नाही हारला. साहेबानं सांगितलं अन् तुमी काम केलं. लाज वाटाची तं त्या साहेबाले वाटली पाह्यजे.

कागदाले उशीर झाला. मोठे गुरुजी बदलून यवतमाळले गेलते, नवे आले ते म्हनत, मी भीमराजले वळखत नाही. मंग वामनराव गुरुजी संगं आले, मोहल्ल्यातले सात जन आले, तवा काल सही अन् शिक्का भेटला. आज सकाळीच रजिस्टर केलं. पावती जपून ठेवली हाय.

सहीचा घोर आता करू नका. मी एक गंमत केली हाय. आत्ता नाही सांगत, पैसे भेटले का सांगीन. येवढंच लिवते का तुमची बायको आता अडानी राह्यली नाही.

चक्कीसाठी जागा पाह्यली. कापसाच्या बाजाराजवळ, मोटार थांबते तिथी. आठवडी बाजारले दळनाची रांग लागन.

पैसे भेटो का न भेटो, हात हलवत या. एकच हलवत या. पन या.

सत्यभामा


मुंबई
२ सप्टेंबर १९५८

सत्यभामेस जयभीम.

दावा गेला. रामलाल साक्षीले पाह्यजे होता, तो दुसऱ्या जहाजावर चढून निघून गेला. साक्षीदार नाही तं दावा नाही. असंच असते. कोनाची चूक नाही.

तुयी सही पाह्यली. खरंच मायीच होती. ती शेपटी बी तशीच. मी पाह्यतच राह्यलो.

एक ऐकजो. मायं नाव आता कोनत्याच कागदावर लिवजो नोको. काहून ते इचारू नोको.

जागेचा नाद सोड. मायची काळजी घे. मी काई दिवस येत नाही.

भीमराज


नेर
२४ नोव्हेंबर १९५८

युनियनचे किसनराव यायले भीमराजच्या बायकोचा जयभीम.

तुमची मायी वळख नाही, पन ह्यायच्या पत्रात तुमचं नाव भला मानूस म्हनून हाय, म्हनून लिवते.

सप्टेंबरापासून ह्यायले चार पत्रं धाडली. एकाचं बी उत्तर नाही. चौथं परत आलं, "मानूस पत्त्यावर नाही" असं लिवून. तिकडं रामलालभाऊ वणीले आलते, दिवायीच्या सुमारात. ते मले भेटाले नेरले आले. त्यायले मी चांगलंच झापलं, का तुमच्यानं दावा गेला. तं ते रडाले लागले. म्हने, "वहिनी, मी साक्ष देली. मी दिवसभर तिथीच होतो." च्या बी प्याले नाही अन् मोटारीत बसून गेले.

तवा हे मले काय खोटं सांगून राह्यले, अन् काहून? तुमाले तुमच्या लेकराची आन. खरं लिवा.

सत्यभामा


मुंबई
८ डिसेंबर १९५८

सौ. सत्यभामाबाईंना जयभीम.

हे सांगणार नाही असं मी भीमराजला वचन दिलं होतं. ते आज मोडतो आहे. दाव्याची वर्षाची मुदत नोव्हेंबरात संपली, आता त्याचं काही बिघडवणं माझ्या हातात राहिलेलं नाही. आणि तुम्ही विचारता आहात, तेव्हा तुम्हाला कळायलाच हवं.

४ जानेवारीला कंपनीच्या माणसांनी भीमराजला बोलावून एका इंग्रजी कागदावर अंगठा मागितला. तो म्हणाला, आमच्या मोहल्ल्याची शपथ आहे, अंगठा लावणार नाही, वाचून दाखवा. वाचून दाखवलं नाही, तेव्हा तो उठून आला. पुढे आम्ही दावा लावल्यावर कंपनीने तोच कागद हजर केला. त्यात लिहिलं होतं, 'हुकूम मोडून मी चालत्या यंत्रात हात घातला, चूक सर्वस्वी माझी.' खाली भीमराजची सही. त्याच्या खलाशाच्या पुस्तकात आहे तशी, हुबेहूब.

आमचे वकील तो कागद पाहून हसले. म्हणाले, ह्यानेच आपण जिंकलो. उजवा हात नोव्हेंबरात गेला, मग उजव्या हाताची सही जानेवारीत आली कुठून? सही बनावट, कागद बनावट. सगळा दावा ह्या एका गोष्टीवर उभा होता, की ती सही आता खुद्द भीमराजलाही करता येत नाही.

बाई, तुमच्या दाखल्यावर खाली अर्जदाराच्या सहीची जागा रिकामी यायला हवी होती. ती भीमराज इथे डाव्या हाताने भरणार होता. कागद माझ्याकडे आला तेव्हा मी गुरुजींची सही आणि शिक्का बघितला, खालचं बघितलं नाही, आणि तसाच फायलीला लावला. ही माझी चूक आहे. वीस वर्षं कागद हाताळतो आहे, मला ती भोवते आहे.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जानेवारीचा आणि जुलैचा. सारखीच सही. विचारलं, "हात नाही ना तुला? मग ही जुलैची सही कोणी केली?"

भीमराजने कागद हातात घेतला. बराच वेळ बघत उभा होता. आमचे वकील त्याला खुणावत होते, की माहीत नाही म्हण. तो मान वर करून म्हणाला, "मीच केली. डाव्या हातानं."

वकील म्हणाला, "म्हणजे डाव्या हाताने तुला ही सही येते. मग जानेवारीचीही तुझीच."

भीमराज म्हणाला, "हो जी. ती बी मायीच."

तिथेच संपलं. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "माहीत नाही म्हनलं असतं तं ते शोधत नेरपर्यंत गेले असते. खोट्या सहीले जेल होते ना, किसनराव?" मी म्हणालो, होऊ शकते. तो म्हणाला, "मंग झालं तं." आणि मग त्याने विचारलं, "पन सही काय सुंदर केली, नाही?"

महिना झाला, तो खोलीवर नाही. कोणी म्हणतं कलकत्त्याच्या गोदीत दिसला. मी शोध घेतो आहे. खोटी आशा देत नाही.

किसनराव


नेर
२८ डिसेंबर १९५८

हे पत्र युनियनमधी ठेवाले किसनरावले धाडून राह्यली. तुमी कधी ना कधी तिथी जासान, मंग ते तुमाले देतीन.

मी मारलं तुमाले. साखळीनं हात नेला, अन् बाकीचं मी नेलं. कापसाच्या धुळीत बसून, दोनशेदा गिरवून गिरवून, हौसेनं. गंमत केली म्हनून लिवलं वो मी तुमाले! तो शब्द मले जेवू देत नाही.

अन् तुमी बी ऐका, मी राग गिळनार नाही. एक ओळ लिवली असती. "खालची जागा रिकामी ठेव." चार शब्द. वकिलानं ताकीद देली म्हनता, मंग मी काय कंपनीची मानूस होती का? आधी फोड म्हनलं, मंग रामलालले खोटं पाडलं. तुमी मले सारखं वाचवाले पाह्यलं अन् मी तुमाले वाचवाले गेली, अन् दोघं बी बुडलो. एकमेकाले खरं सांगितलं असतं तं आज बाजारात चक्कीचा आवाज येत असता.

तिथी उभं राहून "मीच केली" म्हनलं. कायले म्हनलं? मी गेली असती जेलात. तिथी बी भाकर भेटते. तुमी तं या घरी आले असते.

तुमची माय रोज मोटार आली का दारात जाऊन उभी राह्यते. तिले वाटते तुमाले भरपाई भेटली, ती आनाले वेळ लागून राह्यला. मी तिले काई सांगितलं नाही. पाह्यलं, मी बी तुमच्यासारखीच झाली.

काल वर्गात गुरुजीनं पाटी देली. मी परत केली. ते म्हनले, "बाई, शपथ मोडता का?" मी म्हनलं, मोडते. मोहल्ल्यानं घेतली ती चांगलीच घेतली, बाकीच्या दहा बाया शिकोत, त्यायच्या लेकी शिकोत. पन ह्या हाताले आता मी कोनत्याच कागदावर नाव लिवू देनार नाही. तुमचं नाही, मायं बी नाही. वाचत राहीन. तुमचं पत्र आलं तं दुसरा वाचन हे मले सहन होनार नाही.

एकच मांगते. पत्र नोका लिवू. डाव्या हाताले तरास होते. एक कोरा कागद घ्या, त्याच्यावर डावा अंगठा लावा अन् धाडा. मी वळखीन. सही कोनाले बी करता येते, माह्याच्यानं झाली, कंपनीच्यानं झाली. अंगठा तेवढा दुसऱ्याले करता येत नाही. तो आला का समजीन, तुमी जिते हा.

पोष्टमनकडून डबी मांगून आनली. तो चष्मा पुसून पाहे.

(अंगठ्याचा ठसा)